पाचवी मूठ

"पण तो विषय घेऊन तू करशील काय, एवढं सांग," योगराजने बहिणीला तिसऱ्यांदा विचारलं.

"शिकेन," सुषमा म्हणाली. तिसऱ्यांदाच.

"परदेशांचा अभ्यास! आपल्या घरात अजून कुणी मुंबई धड पाहिली नाही."

"तुझ्या मिलमध्ये रंग कुठून येतो?"

"ड्रममधून."

"त्या ड्रमवर काय लिहिलेलं असतं?"

"मी ड्रम वाचायला जात नाही, उचलायला जातो."

निंबाला, त्या दोघांच्या बापाला, हसू आलं. मग थोरल्या भावाच्या तोंडाकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने ते हसू खोकल्यात घालवलं.

थोरला भाऊ आनंदा खाटेवर बसला होता. कारखान्याची आठवड्याची सुट्टी होती, म्हणून घरातले तिन्ही पुरुष सकाळच्या वेळी घरात होते आणि सुरतेतल्या उधन्याच्या त्या दीड खोलीत हलायलाही जागा नव्हती. खाटेच्या पायाशी साड्यांचा गठ्ठा, गठ्ठ्यापाशी निंबाची बायको प्रमिलाबाई. साडी मांडीवर उलटी घ्यायची, जरीच्या बुट्ट्यांच्या पाठीमागे सुटलेले धागे बारीक कात्रीने छाटायचे, साडी बाजूला टाकायची, पुढची ओढायची. गल्लीतली शोभाबाई गठ्ठे आणून द्यायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. प्रमिलाबाईने डोकं वर केलं नव्हतं, पण तिच्या कानातून एक शब्द सुटला नव्हता.

भांडणाचं कारण गठ्ठ्यावर पडलं होतं. कॉलेजचा एक पानी फॉर्म. सुषमा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मुख्य विषय अर्थशास्त्र. या वर्षी कॉलेजने एक नवा गौण विषय काढला होता, आंतरराष्ट्रीय अभ्यास. कोणता देश कोणाला काय विकतो, कोण कोणाचा माल अडवतो, करार कसे होतात आणि कसे मोडतात, असं सगळं. तास दुपारी तीन ते पाच. विषय घ्यायचा तर दोन्ही वर्षं पूर्ण करीन, मध्येच सोडणार नाही, अशी हमी द्यायची होती, आणि हमीखाली वालीची सही. सोमवारी दुपारपर्यंत.

फॉर्मवरची ही दोन वर्षंच आनंदाच्या घशात अडकली होती.

"निंबा," तो म्हणाला, "तुनी पोरले इचार, दोन वरीस कोण थांबी तिनाकरता?"

सोनगीरचं स्थळ त्याने आणलं होतं. मुलगा हजिऱ्याला कंपनीत लागलेला, घरी विहीर, बाप सरळ. श्रावणातली कानबाई झाली की सुपारी फोडायची आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न, इथवर बोलणी आली होती. मुलगी शिकते आहे याला सोनगीरवाल्यांची हरकत नव्हती. आखाजीपर्यंत काय शिकायचं ते शिकू द्या, म्हणाले होते.

"दादा बराबर सांगस," निंबा म्हणाला. दादा बरोबर सांगतो, हे वाक्य निंबाने गेल्या तेवीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की ते म्हणताना त्याला तोंडही नीट उघडावं लागत नसे. त्याला गावाहून सुरतेत आणणारा आनंदा, लूमवर उभा करणारा आनंदा, खोलीची चावी पहिल्यांदा हातात देणारा आनंदा. आनंदाची बायको गेली, मूलबाळ नव्हतंच, तेव्हापासून तो यांच्यातच जेवत होता.

"मुख्य विषय एक आहे ना पाठीवर?" आनंदा आता सुषमाकडे वळला. "वरून आणखी एक. ओझं मागून घेणारं गाढव मी पहिल्यांदा पाहतो."

"मोठेबाबा, गाढवाला विचारून कोणी ओझं ठेवत नाही. मला कॉलेजने विचारलंय."

"पाहा. ही भाषा."

"त्यासले सांगा, चहा थंडा व्हई ऱ्हायना," प्रमिलाबाई नवऱ्याला म्हणाली.

"दादा, चहा," निंबा म्हणाला.

"तिले सांग, पेस," आनंदा म्हणाला आणि त्याने कप तोंडाला लावला.

घरात हे असंच चाले. जेठाशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायचं नाही. प्रमिलाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं प्रत्येक वाक्य निंबाच्या तोंडून नाहीतर भिंतीला सांगून आनंदापर्यंत जाई. निंबा घरी नसला तर ती योगराजला सांगे. योगराज पाळण्यात होता तेव्हासुद्धा पाळण्याकडे बघून म्हणे, "सांग रे, भाजी गरम आहे." या चालीत एक फायदा होता, तिखट बोलायचं असलं की ते पोचेपर्यंत निंबा त्यातली मिरची काढून टाकी.

खरं पाहता प्रमिलाबाई अजून कोणाच्याच बाजूने नव्हती. सुषमाचा तिलाही राग आला होता. दुपारी तीन ते पाच म्हणजे गठ्ठ्याची वेळ. सुषमाचा हात तिच्याहून चलाख, तो गेला तर अर्ध्या साड्या तिच्या एकटीच्या डोळ्यांवर येणार. आणि सोनगीरचा मुलगा तिला आवडला होता. त्याने चहाची कपबशी स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवली होती, हे तिने दारातून पाहिलं होतं.

पण हे खूळ पोरीच्या डोक्यात कधी शिरलं, तेही तिलाच ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी, प्लेगच्या वर्षी. रात्रीतून गल्ल्या ओस पडल्या, तोंडाला रुमाल बांधून माणसं स्टेशनावर एकमेकांच्या अंगावर चढली. यांनी गाव गाठलं, तर गावाने यांना शाळेच्या पडवीत ठेवलं. सख्ख्या चुलत दिराने भाकरी लांबून सरकवली. परत आल्यावर पाहिलं तर शोभाबाईच्या ओट्यावर पेट्यांचा ढीग. साड्या दुबईला निघाल्या होत्या, तिकडच्या व्यापाऱ्याने नको म्हणून कळवलं, माल बंदरावरून उलटा आला. दोन महिने कात्र्या खुंटीला. सगळ्या बायका नशिबाला बोल लावत होत्या. पंधरा वर्षांची सुषमा मात्र पेटीवरचे शिक्के वाचत बसली होती.

"माय, उधन्यात घडी केलेल्या साडीने दुबईत ताप येतो का?"

"मला काय माहीत?"

"मग त्यांना कोणी सांगितलं, येतो म्हणून?"

रिकाम्या हातांनी काढलेल्या त्या दोन महिन्यांत तो प्रश्न प्रमिलाबाईलाही अधूनमधून टोचत राहिला होता.

"आण तो कागद," ती आता म्हणाली.

सुषमाने फॉर्म तिच्या हातात दिला. फॉर्म गुजरातीत होता. प्रमिलाबाई गावाला सातवीपर्यंत शिकली होती. गुजराती ती बसच्या पाट्या आणि साड्यांची लेबलं वाचून शिकली. अक्षरावर बोट ठेवत ती खालपर्यंत आली.

"इथे बापच पाहिजे, असं लिहिलंय का?"

"नाही. वाली लिहिलंय."

"वाली म्हणजे कोण धरायचा?"

"मला सांभाळणारं कोणीही. आई चालते, मी ऑफिसात विचारलं."

"विचारूनच आली," योगराज म्हणाला. "हिची सगळी तयारी आहे."

प्रमिलाबाईने फॉर्म घडी न करता फडताळातल्या डब्याखाली सरकवला. "आधी गहू," ती म्हणाली. "सूर्य डोक्यावर यायच्या आत गहू मोजायचे आहेत."

कानबाईला आठ दिवस उरले होते. श्रावणात कानबाई देवी मांडायची आणि तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या माणसांच्या नावाने गहू मोजायचे, ही खानदेशातली रीत त्यांनी उधन्यातही मोडली नव्हती. यांच्या, बोरश्यांच्या, घरात ती अशी होती: कुळातला वडील माणूस एकेक नाव घेणार, घरातली बाई त्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकणार. एक भरलेली मूठ आणि वर चिमटीत येईल तेवढे दाणे. जेवढी माणसं तेवढ्या मुठी. पोरीला हळद लागली की तिची मूठ उतरते. मग तिने माहेरचा रोट खायचा नाही, तिचे गहू सासरच्या सुपात. तोवर ती घरची.

मोरीवर हातपाय धुऊन प्रमिलाबाई पदर घेऊन बसली. सूप समोर, गव्हाची पाटी उजवीकडे. भांडण होतं तिथेच थांबलं. आनंदा खाटेवरून उतरून पाटावर बसला, डोक्याला टोपी घातली.

"आनंदा," तो म्हणाला. स्वतःचं नाव पहिलं.

सव्वा मूठ.

"निंबा."

सव्वा मूठ.

"योगराज."

सव्वा मूठ.

"योगराजनी माय."

स्वतःच्या नावाची मूठ टाकताना प्रमिलाबाई नेहमी जराशी कमी भरी, दाणे जमिनीवर सांडू नयेत म्हणून. ती टाकून तिने पुढची मूठ भरली आणि हात सुपावर धरून थांबली.

आनंदाने टोपी काढली. गुडघ्यावर हात टेकून तो उठायला लागला.

प्रमिलाबाईचा हात तसाच राहिला. तिला वाटलं विसरला. म्हातारपण. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो विसरला नव्हता हे तिला कळलं.

"त्यासले सांगा, एक नाव ऱ्हायनं," ती नवऱ्याला म्हणाली.

निंबा सुपाकडे बघत राहिला.

"सांगा ना."

"दादा," निंबा म्हणाला, "सुषमानं..."

"तिले सांग, ती आते सोनगीरनी व्हयनी," आनंदा म्हणाला. "जबान दिधी मी. आज ना उद्या मूठ उतरायचीच आहे, आजच उतरली. मग ते कॉलेजचं काय ते सोनगीरवाले बघतील."

सुषमा भिंतीला टेकून उभी होती. ती सुपाकडे बघत होती.

प्रमिलाबाईची स्वतःची मूठ उतरली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. सातवीची परीक्षा दिली, निकाल लागायच्या आधी हळद लागली आणि त्या श्रावणात बापाच्या घरी तिचं नाव न घेताच सूप पुढे सरकलं. तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं, रीतच ती. पण तिच्या बापानेसुद्धा हळदीपर्यंत वाट पाहिली होती. इथे हळदीचा पत्ता नाही, सुपारी फुटलेली नाही, सोनगीरवाल्यांनी दोनदा चहा पिण्यापलीकडे काही केलेलं नाही, आणि पोरगी सुपातून बाहेर. रीत मोडून. आणि मोडणारा कोण, तर रीत सांगायला बसवलेला माणूस.

मुठीतले दाणे घामाने ओले झाले होते.

"दादा," ती म्हणाली.

निंबाने चमकून वर पाहिलं. योगराजने पाहिलं. आनंदाने पाहिलं नाही, कारण ती हाक आपल्याला आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"दादा, तुम्हालाच बोलतेय. नाव घ्या."

दारातून पलीकडच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट येत होता. आनंदाने तोंड उघडलं आणि सवयीने निंबाकडे वळवलं. "तिले सांग..."

"त्यांना नका सांगू. मी इथे बसलेय. हळद लागली?"

आनंदाने हातातली टोपी उलटीसुलटी केली.

"सुपारी फुटली?"

"जबान..."

"जबान तुमची. मूठ कानबाईची आहे." तिचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ किती घालू, असं विचारावं तसा तो होता. "तुम्ही नाव घेत नसाल तर मी घेते."

"बाईमाणूस नाव नही लेत," आनंदा तिच्याकडे बघून म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी थेट बोलला, आणि तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"वडील माणूस नाव गाळत नाही. तुम्ही गाळलं, मी घेते. फिट्टंफाट." ती सुपाकडे वळली. "सुषमा निंबा बोरसे."

मूठ सुपात पडली. मग तिने पाटीतून चिमटीने वरचे दाणे घेतले, नेहमीपेक्षा जरा जास्तच, आणि तेही टाकले. सूप हलवलं. पाच मुठी एक झाल्या. आता त्यातून कोणाची वेगळी काढायची म्हटलं तरी कोणाला जमलं नसतं.

"योगराजनी माय," निंबा हळूच म्हणाला, "दादाचं मन..."

"दादांना जेवायला वरणबट्टी करते. मन ताळ्यावर येईल."

ती उठली, हात पदराला पुसले, डब्याखालून फॉर्म काढला. सुषमाचं पेन मागून घेतलं. भिंतीवर कागद धरून सही करता येईना, तेव्हा तिने तो खाटेवर, आनंदाच्या शेजारी ठेवला आणि वाकून सही केली. प्रमिला निंबा बोरसे. सातवीतलं अक्षर, गोल, मोठं, छापील रेघेच्या बाहेर गेलेलं. आनंदा ते अक्षर शेवटपर्यंत बघत होता.

"माय, दुपारचा गठ्ठा?" सुषमाने विचारलं.

"योगराजची दिवसपाळी संपते दोनला. कात्री त्याच्याही हातात मावते."

"मी? मी साड्यांचे धागे कापू?" योगराज म्हणाला.

"ड्रम उचलतोस, साडी नाही उचलणार?"

कागद सुषमाच्या हातात देऊन तिने सूप उचललं, फडताळावर वर ठेवलं, वर स्वच्छ फडकं झाकलं. मग दारात उभी राहून, कोणाही एकाकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"सुषमा तो विषय लेई. दोन वरीस पुरा करी. सोनगीरवाल्यासले थांबनं व्हई त थांबतीन, नही त नही. सोमवारले मी तिनासंगे कॉलेजमा जासू. जेवण झाकेल राही, वाढी ल्या."