न तुटणारा बोल्ट

आमच्या घरात राग नाकावर नसतो, हातात असतो. वडील चिडले की समोर दिसेल ते फेकायचे. तांब्या, विळा, एकदा तर चुलीतलं पेटतं लाकूड. थोरला भाऊ आणि मी त्यांचेच मुलगे. माझ्या भुवईवरची खूण दादाने मारलेल्या दगडाची आहे, आणि दादाचा पुढचा अर्धा दात माझ्या कोपराने गेलेला आहे. आता मी पन्नाशीला आलो, महाडच्या बाजारात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, आल्यागेल्याला चहा विचारतो, पण हात शिवशिवायचे थांबलेले नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला गरीब गाय समजणार नाही.

दादा वर पोलादपूरच्या पलीकडे, आमच्या वाडीत राहिला. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला. जी उरली त्यांची शेती सावडीवर चालते, म्हणजे आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. पूर्वी सावडीला बैल असायचे, आता दादाचा ट्रॅक्टर असतो. तो पाळीपाळीने प्रत्येकाच्या भाताच्या खाचरात चिखलणी करून देतो आणि त्या बदल्यात सगळे त्याच्या लावणीला उभे राहतात. इथे पैसा फिरत नाही, दिवस फिरतो. म्हणून एकाची पाळी हुकली की पुढच्या सगळ्यांची हुकते. रोपांच्या जुड्या बांधावर येऊन पडल्यात, बाया पदर खोचून ताटकळल्यात, आणि खाचरात ट्रॅक्टर मुका उभा, ही आमच्याकडे मोठी बेअब्रू समजतात.

ट्रॅक्टर आणि मागचा, पात्यांनी चिखल घुसळणारा रोटाव्हेटर यांच्यामध्ये जो लोखंडी दांडा फिरतो तो शाफ्ट. इंजिनाची सगळी ताकद त्याच्यातूनच मागे पात्यांना जाते. मिनिटाला पाचशे चाळीस फेरे. सदऱ्याची बाही त्यात सापडली तर तो बाहीवर भागवत नाही, खांद्यापर्यंतचा हात घेतो. म्हणून त्याच्यावर प्लॅस्टिकचं गार्ड असतं. आणि रोटाव्हेटरकडच्या टोकाला एक मऊ बोल्ट असतो. पात्यांत दगड अडकला की हा बोल्ट तुटतो, शाफ्ट नुसता फिरत राहतो आणि बाकी सगळं वाचतं. तुटणं हेच त्या बोल्टाचं काम.

ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या डोक्यात उतरवता उतरवता माझे केस पिकले. जो येतो तो म्हणतो, सगळ्यात जाड शाफ्ट द्या, कधी मोडणार नाही असा. मी विचारतो, ट्रॅक्टर किती ताकदीचा, मागे कोणतं यंत्र, जमीन कशी, यंत्र वर उचलल्यावर आणि खाली टेकल्यावर दोन्ही वेळचं अंतर मोजून आणलंस का? शाफ्ट लांब झाला तर यंत्र उचलताना गिअरबॉक्स फोडतो, आखूड झाला तर त्याच्या एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्या भर कामात सुटतात. त्यावर उत्तर एकच, तुम्ही हेवी द्या हो. मग माझी तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, काहीच मोडू द्यायचं नाही म्हणतोस, तर दगडाचा दणका जाणार कुठे? काय मोडायचं ते आधी ठरवावं लागतं. तू नाही ठरवलंस तर दगड ठरवतो.

दादाने मोठा रोटाव्हेटर घेतला तेव्हा मी स्वतः वाडीत जाऊन मापं घेतली, यंत्राला जुळेल इतकाच जाड शाफ्ट बसवून दिला आणि हेच सगळं त्यालाही ऐकवलं. त्याने मान डोलावली. आठच दिवसांत ग्रीस घालायला आड येतं म्हणून त्याने करवतीने गार्ड कापून टाकलं. मी चिडलो, तो माझ्यावर चिडला, आणि दिवाळीपर्यंत आमचा अबोला चालला.

पुढच्या वर्षी चिखलणी आली तेव्हा पावसाने डोंगरावरून फार दगड आणले होते. खाचरात वर पाणी, खाली चिखल आणि चिखलात डोक्याएवढे धोंडे. बोल्ट तुटायला लागले. एका दिवसात चार तुटले. प्रत्येक वेळी दादा पाण्यात बसून, चिखलात चाचपडत नवीन बोल्ट घालायचा आणि बांधावरची माणसं बघत राहायची. मग बोलणी सुरू झाली. सख्खा भाव दुकानदार आन् बोल्ट मातीचे, असं कोणीतरी त्याच्या तोंडावर म्हणालं. त्याच संध्याकाळी एकाची पाळी हुकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा एसटीने महाडला माझ्या दुकानात आला.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. पुराच्या धास्तीने मी खालच्या फळ्यांवरचा माल माळ्यावर चढवत होतो. दादाने पिशवी काउंटरवर उलटी केली. तुटलेल्या बोल्टांचे तुकडे काचेवर आदळले आणि काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली. तू मला वाडीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, असं म्हणून त्याने काउंटरवरून हात घालून माझी गचांडी धरली. मी समजावायला हवं होतं. मी तीन गिऱ्हाइकांदेखत थोरल्या भावाच्या थोबाडीत मारली. त्याच्या ओठातून रक्त आलं. तो उलटून मारेल म्हणून मी पाना हातात घेतला होता, हेही लपवत नाही. पण त्याने मारलं नाही. त्याने ओठ पुसला आणि म्हणाला, "तुटणार नाय असा दे."

माझ्याकडे तसा बोल्ट होता. ट्रकच्या कामाचा, कडक पोलादाचा, त्याच मापाचा. तो शाफ्टला लावायचा नसतो हे मला ठाऊक होतं, रोज दहा जणांना मीच ते सांगत होतो. मी खण उघडला आणि तो बोल्ट त्याच्या पुढ्यात आपटला. "हा घे. हा नाय तुटायचा." त्याने तो खिशात घातला आणि निघून गेला. त्या क्षणी मला बरं वाटलं. मोड आता काय मोडायचं ते, असंच माझ्या मनात होतं.

राग उतरला की आमच्याकडे लाज चढते, पण ती बोलून दाखवायची रीत नाही. दोन दिवस मी काढले. तिसऱ्या दिवशी राहवेना, तेव्हा मऊ बोल्टांचं पुडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि मोटारसायकलवर पोलादपूर गाठून पुढे घाट चढलो. कडक बोल्ट काढून घ्यायचा, माफीबिफी काही मागायची नाही, असं मी वाटेत ठरवलं होतं.

बांधावर पोचलो तेव्हा खाचराच्या मध्यावर रोटाव्हेटरमधून ठकठक आवाज येत होता. पात्यांत धोंडा अडकला होता. मऊ बोल्ट असता तर केव्हाच तुटून गप्प झाला असता. दादाने रोटाव्हेटर थोडा वर उचलला, इंजिन चालूच ठेवलं, शाफ्ट फिरताच ठेवला आणि पहार घेऊन खाली चिखलात उतरला. पाळी अडली होती, पलीकडे वहिनी आणि चारपाच बाया रोपं घेऊन उभ्या होत्या. मी ओरडलो, आधी बंद कर. त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातली पिशवीही बघितली. मग मान फिरवली आणि धोंड्यावर पहार घातली.

धोंडा निघाला नाही, आणखी आत बसला. इंजिन कण्हलं. बोल्ट तुटला नाही. त्याऐवजी शाफ्टच्या मागच्या टोकाचा सांधाच फुटला, आणि ट्रॅक्टरकडचा अर्धा शाफ्ट मोकळा होऊन फिरायला लागला. आधी त्याने लोखंडी मडगार्ड पत्र्यासारखं फाडलं. मग तो दादाच्या उजव्या पायावर आला. एकदा नाही. दादा पडला तो शाफ्टच्या खालीच पडला, चिखलाने पाय धरून ठेवला, आणि शाफ्ट त्याच त्या जागी आपटत राहिला. प्रत्येक दणक्याला चिखल उडत होता, आणि नंतर तो नुसता चिखल राहिला नाही. मी धावत होतो, गुडघाभर चिखलात माझे पाय निघत नव्हते. ट्रॅक्टरवर चढून मी इंजिन बंद करायची दांडी ओढली तेव्हा ती माझ्या हातात उपटून आली, इतकी ओढली. इंजिन बंद झालं. दादाचं ओरडणं मला तेव्हा कुठे ऐकू आलं.

वहिनीने जुड्या बांधायच्या दोरीने त्याची मांडी आवळली. सावडीच्या माणसांनी घोंगडीची झोळी करून त्याला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीप. दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो वाटभर मला शिव्या देत होता. घाट उतरेपर्यंत त्या शिव्यांवरच माझा जीव टांगलेला होता, कारण तो गप्प झाला की मला वाटायचं, गेला. पुढे मुंबईला त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

पाणी ओसरल्यावर वाडीतल्यांनी चिखलातून रोटाव्हेटर बाहेर काढला. बोल्ट जसाच्या तसा होता, वाकलासुद्धा नव्हता. हा कोणी दिला, अशी चर्चा झाली. सावडीतला एक म्हातारा मुंबईला भेटायला आला तेव्हा माझ्यादेखत त्याने दादाला विचारलं. दादा छताकडे बघत म्हणाला, पोलादपूरला भंगारात मिळाला, मीच आणला. मी तिथेच खाटेच्या पायथ्याशी मोसंबी सोलत बसलो होतो. पाना उचलणारा, थोबाडीत मारणारा मी, तेव्हा मोसंबीच सोलत राहिलो.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते दुकानात येणाऱ्यांना विचारावं. एकाने कडक बोल्ट मागितला म्हणून मी त्याला दंड धरून रस्त्यावर ढकलला, तो पडला, त्याचं कोपर फुटलं. बायकोशी भांडलो. भिंतीवर मूठ मारून बोटं सुजवून घेतली. भावाने मला वाचवलं, एवढा मोठा मनाचा माझा भाऊ, आणि मी त्याचा पाय घेतला, हे दिवसातून शंभरदा डोक्यात फिरायचं. त्याला एकदा तरी खरं सांगायचं होतं, की मला माहीत असताना मी तो बोल्ट दिला. ते सांगितलं तर तो मला पुन्हा उंबरा चढू देईल की नाही, हे कळत नव्हतं. वाडीत माझं दुसरं कोणी नाही.

पुढच्या पेरणीच्या आधी दादा आणि वहिनी दुकानात आले. दादाला कृत्रिम पाय बसवला होता, काठीही होती. ट्रॅक्टर आता वहिनी चालवणार होती. सावड सोडायची नाही, असं तिनेच ठरवलं होतं. शाफ्ट नवा हवा होता. मी मापं पुन्हा काढली, दोनदा मोजली. या वेळी क्लचवाला शाफ्ट दिला, ज्यात जास्त ताण आला की चकत्या घसरतात आणि पाण्यात बसून बोल्ट बदलायला लागत नाही. वहिनीला सगळं समजावलं, तिने दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग ती ताडपत्री घ्यायला समोरच्या दुकानात गेली. दादा स्टुलावर बसून राहिला.

मी शाफ्टवरचं तेल पुसत होतो. मान वर न करता बोललो. "दादा, त्या दिवशी मला ठाव व्हतं काय व्हईल ते. ठाव असून दिला."

तो काठीच्या मुठीवर अंगठा घासायला लागला. मला वाटलं, आता ती काठी डोक्यात बसणार. बसली असती तर बरंच झालं असतं.

"मला पन ठाव व्हतं," तो म्हणाला. "तूच सांगितलं व्हतंस की. म्हटलं, मोडू दे शाफ्ट. मोडला की तुकडं नेऊन तुझ्या डोक्यात घालीन. म्हणून तर बसवला."

मी विचारलं, मग त्या म्हाताऱ्याला माझं नाव का नाही सांगितलंस.

"तुझं सांगितलं असतं तर माझं पन सांगाया लागलं असतं रे."

वहिनी समोरून रस्ता ओलांडून येत होती. तिच्या हातात ताडपत्रीची घडी होती. ती उंबऱ्यापाशी येईपर्यंत मी पुन्हा शाफ्ट पुसायला लागलो होतो, आणि हे तिला आजपर्यंत आम्हा दोघांपैकी कोणीही सांगितलेलं नाही.