पाहुण्यांचं वायफाय

खुटबावचं सासर सोडून मी न्हावऱ्याला माहेरी आले, ती परत न जाण्यासाठी. पण घरात हे कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. डेअरीवर, गिरणीत जो तो विचारायचा, "कवा आलीस गं? हायेस का चार दिस?" मी "हाय की" म्हणून सटकायची. घरात मात्र आबा, दादा, वहिनी, कुणीच काही विचारत नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त संशय यायचा. न विचारणारी माणसं मनातल्या मनात दिवस मोजत असतात, असं माझं ठाम मत होतं.

मला मागची खोली दिली होती. तिथं एक जुना टीव्ही होता, त्याला मी नेट दिसायची माझी स्टिक खोचली होती. दुपारी माझा आरीवर्कचा ऑनलाइन क्लास असायचा. ब्लाउजवर आरीच्या सुईनं मणी, जरी भरायचं काम. मोबाइलच्या पडद्यावर टाका कुठून वर येतो ते दिसत नाही, म्हणून टीव्ही लागायचा. हात बसला की शिरूरच्या दुकानांतून काम आणायचं आणि या घरात मिंधं होऊन राहायचं नाही, एवढंच माझं ठरलं होतं.

अशात दादानं राउटर बदलला. गोठ्यात आणि कांद्याच्या चाळीत त्यानं कॅमेरे बसवले होते, जुन्याला ते झेपत नव्हते. नवा राउटर त्याच्या खोलीत कपाटावर बसला. माझी स्टिक वहिनीनं जोडून दिली. "द्या हिकडं रिमोट," म्हणाली आणि भराभर काहीतरी दाबून मोकळी झाली. दुसऱ्या दिवसापासून क्लास अडकायला लागला. बाईंचा हात सुईसकट हवेत थांबायचा, मधोमध तो गोल फिरत राहायचा, आणि चित्र हलायचं तोवर टाका होऊन गेलेला असायचा.

पहिला राग नेटच्या कंपनीवर काढला, पण तो टिकला नाही, कारण समोर वहिनी होती. दुपारी दादाच्या खोलीचं दार तीच लोटून घ्यायची. आत जाऊन राउटरचं बटण बंद करत असेल का? माझा क्लास सुरू झाला की नेमका हिचा मिक्सर सुरू व्हायचा. "झाला का क्लास?" असं ती गोड आवाजात विचारायची, आणि मला ऐकू यायचं, कधी जाताय? नणंद घरात नको असेल तर तिचं ताट काढून घेता येत नाही, गाव काय म्हणेल! वायफाय काढून घेतलं तर कुणाला दिसतंय? मनात आलं, बाई भलतीच हुशार आहे.

मी स्टिक काढून परत लावली. राउटर बंद करून चालू केला. तरी तेच. मग वाटलं, खोली लांब पडते, भिंती जाड आहेत. वहिनी चाळीत कांदे निवडायला गेल्याचं बघून मी स्टिक उपसली आणि पुढच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला लावली. इथून राउटर भिंतीपलीकडंच होता. आबा त्याच टीव्हीवर कीर्तन बघत होते, एकदाही न अडकता. माझी स्टिक लावली आणि बाईंचा हात पुन्हा हवेत. "तुझ्या त्या काडीतच खोट हाय," आबा म्हणाले.

जागा तीच, टीव्ही तोच. म्हणजे अंतराचा प्रश्न नव्हता. मी सेटिंगमध्ये शिरले. तिथं दोन नावं होती. एक 'मळा', दुसरं 'मळा गेस्ट'. माझी स्टिक गेस्टवर होती. 'मळा' दाबलं, तर पासवर्ड मागितला. आबांचा टीव्ही मळ्यावर. दादा सांगत होता ते आठवलं, कॅमेरे सगळे मेन लाइनवर घेतलेत. म्हणजे गाई घरच्या, कांदे घरचे, आणि मी पाहुणी! आणि रिमोट कुणाच्या हातात होता? वहिनीच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तशीच चाळीत गेले. वहिनी खाली बसून सडके कांदे बाजूला काढत होती.

"वहिनी, मी नको असेन तर तोंडावर सांगा. असं पाहुण्यांच्या वायफायवर कशाला टाकता?"

तिला काही कळेना. "कसलं पाव्हणं, वन्सं? मला त्यो एकच पासवर्ड ठाव हाय. ह्यांनी दिला त्योच तुम्हाला घातला."

"दाखवा तुमचा फोन."

तिनं पदराला हात पुसून फोन दिला. वर लिहिलेलं होतं, मळा गेस्ट.

"माझं बी गोल गोल फिरतंय की," ती म्हणाली. "मला वाटलं, फोनच जुना झाला." मग तिनं फोन परत घेतला आणि ते नाव स्वतः वाचलं. बराच वेळ वाचत राहिली. वर तुळईला कॅमेरा होता. त्याच्याकडं बघून तिनं विचारलं, "आन् ह्यो कशावर हाय?"

"मेनवर."

ती पुन्हा कांदे निवडायला लागली. मला वाटलं, झालं, आता ही माझ्यावरच चिडणार.

संध्याकाळी दादा आणि आबा जेवायला बसले, मी भाकरी भाजत होते. वहिनीनं दादाच्या ताटात भाकरी वाढली आणि तिथंच उभी राहिली.

"अवो, गाईंचा पासवर्ड काय हाय?"

"कशाला?" दादा म्हणाला. "सगळी त्याच्यावर आली की क्यामेरं अडकत्यात. तुमचं चाललंय की गेस्टवर."

"चाललंय की. पर आम्ही दोघी पाव्हण्या हाय म्हणल्यावर जायाचं कवा, तेवढं सांगा. वन्संची आन् माझी पिशवी एकदमच भरते."

"काय बोलतीस!" दादा भडकला. "ती कशाला जातीय? ती हितंच ऱ्हाणार हाय आता."

आबांचा घास हातातच राहिला. मला एकदम रडू फुटलं, ते लपवायला मी तव्याकडं वळले.

"मग सांगा पासवर्ड," वहिनी म्हणाली.