टर्बो की सुपरचार्जर, एवढं ठरलं की जाऊ

रविवारी सकाळी जगन्नाथरावांनी पोह्यांच्या ताटलीशेजारी दोन चमचे मांडले आणि कमलिनीबाईंना कळून चुकलं, की हाही रविवार गेला कामातून.

“हे बघ, हा टर्बो,” एक चमचा पुढे सरकवत ते म्हणाले. “एग्झॉस्टमधून इंजिनचा गरम धूर बाहेर जातो. हा त्या वाया जाणाऱ्या धुरावरच फिरतो. ताकद फुकटात, पण येते जरा उशिरा. आणि हा सुपरचार्जर. हा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. पाय दाबला की ताकद हजर! पण बसतो इंजिनच्या डोक्यावर, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात तापणार. आता सांग, गाडीला काय बसवू?”

“पोहे निवतायत.”

“अगं, गंभीरपणे विचारतोय मी.”

“मीही गंभीरपणेच सांगतेय.”

दिवाळीच्या आधीपासून हे चाललं होतं. जगन्नाथरावांनी आठ सिलिंडरची एक जुनी अमेरिकन मसल कार घेतली होती. गाडी कसली, धूडच ते! बिल्डिंगखाली सुरू केली की चौथ्या मजल्यावर कमलिनीबाईंच्या मांडणीतली भांडी थरथरायची. एवढी ताकद ह्यांना पुरेना. ती वाढवायची होती, आणि कशानं वाढवायची ते ठरत नव्हतं. त्यांनी ऑफिसात विचारलं, मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांना सोडायला आलेल्या नवऱ्यांना त्यांनी पार्किंगमध्ये गाठलं. मुलालाही विचारलं. देवांश अबुधाबीत नोकरीला, खलिफा सिटीत राहणारा. तो फोनवर म्हणाला, “डॅड, जस्ट सेल इट.” त्यावर आठवडाभर बापलेकाचं बोलणं बंद.

तसे जगन्नाथराव आरगे साधे, सरळ गृहस्थ. मूळचे मिरजेचे. शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये पाइप बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर. आले होते दोन वर्षांसाठी. आखातात प्रत्येक जण दोनच वर्षांसाठी येतो म्हणा! मग व्हिसा नवा होतो, आणि अजून दोनच वर्षं असं म्हणतात. मग मुलाची शाळा असते, ती संपते तोवर कॉलेज, ते संपतंय तोवर गावाकडचा फ्लॅट. जगन्नाथरावांनी यातलं एकही कारण वाया घालवलं नव्हतं. आता मुलगा कमावता झाला होता. सांगलीचा फ्लॅट बांधून, रंगवून तयार होता, आणि कमलिनीबाईंची बहीण अधूनमधून जाऊन तिथले नळ सोडून येत होती. कारणं संपली. आणि नेमकी कारणं संपली तेव्हाच ह्यांनी गाडी घेतली.

“गाडी एकदा मनासारखी करू,” ते म्हणाले होते, “वर्षभर फिरवू, विकू आणि जाऊ. तिचं स्टिअरिंग डावीकडे. इंडियात नेता येणार नाही, मग इथेच हौस करून घेऊ ना!”

त्यातलं ‘जाऊ’ तेवढं कमलिनीबाईंनी घट्ट धरून ठेवलं. त्यांना जूनच्या आत जायचं होतं. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या मिरजेत मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांची तेव्हाची सहकारी सुमेधा आता निवृत्त होऊन सांगलीत दहावीचे वर्ग काढत होती आणि गणिताला तिला कमलिनीच हवी होती. खोली बघून ठेवली होती, फळासुद्धा लावला होता. शारजात कमलिनीबाई शेजारच्या पोरांना डायनिंग टेबलावर शिकवायच्या, पण दिवाळीपासून त्या टेबलावर ह्यांची कॅटलॉग पसरलेली असायची आणि पोरं सोफ्यावर मांडीवर वही घेऊन बसायची. कधी जायचं विचारलं की एकच उत्तर. टर्बो की सुपरचार्जर, एवढं ठरलं की जाऊ.

सोमवारी सुमेधाचा फोन आला. “कमल, आता मला नक्की सांग बाई. नाहीतर तुझ्या तासांच्या वेळा मी जीवशास्त्राच्या सरांना देते. पालक विचारायला लागलेत.”

“उद्या सांगते,” कमलिनीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवताना त्यांचं डोकं असं काही फिरलं, की भाजी अर्धी चिरलेली तशीच टाकून त्यांनी पर्स उचलली. ठरत नाही म्हणे! पाइपांच्या एवढ्या मोठ्या कारखान्यात हा माणूस दिवसाला शंभर निर्णय घेतो, आणि एका यंत्रापायी आपल्याला टांगून ठेवतो? आज आपणच ठरवायचं. त्या टॅक्सी करून थेट इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजवर गेल्या.

गॅरेज अर्श नावाच्या पंजाबी माणसाचं. भाभीजींना दारात बघून तो हात पुसत धावत आला, प्लास्टिकची खुर्ची दिली, चहा सांगितला.

“चाय रहने दो,” कमलिनीबाई म्हणाल्या. “दोनों में से जो जल्दी लगता है, वो लगा दो. खलास.”

अर्श गोंधळला. “भाभीजी, सुपरचार्जर तो आया पड़ा है ना. दिवाली से.”

त्यानं भिंतीशी ठेवलेल्या मोठ्या खोक्याकडे बोट दाखवलं. त्यावर जगन्नाथरावांचं नाव होतं. साहेबांनी स्वतःच मागवला होता. अर्श म्हणाला, बसवायचं काम आठवडाभराचंही नाही, पण विषय काढला की साहेब म्हणतात, रुको, टर्बो का भी सोच रहा हूँ.

कमलिनीबाईंनी खोक्यावरचं नाव परत एकदा वाचून घेतलं. मग त्यांनी नवऱ्याला फोन लावला. “अर्शच्या गॅरेजवर आहे. आत्ताच्या आत्ता या.”

जगन्नाथराव ऑफिसच्या शर्टावरच आले. बायको, अर्श आणि खोकं एका ओळीत दिसल्यावर त्यांचा चेहरा पडला.

“दिवाळीपासून?” कमलिनीबाई म्हणाल्या. “मग मला चमचे कशाला दाखवत होतात?”

जगन्नाथराव दुसरी खुर्ची ओढून बसले. “हे बसवलं की गाडी झाली गं,” ते म्हणाले. “आणि गाडी झाली की निघायचं. मला भीती वाटते, कमल. हमरियाच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा मला नावानं सलाम करतो. सांगलीत मी कोण? पिशवी घेऊन भाजीला जाणारा एक म्हातारा. दिवसभर करू काय तिथे?”

कमलिनीबाईंना त्यांची दया आली. आणि दया आली म्हणून आणखीच राग आला.

“आणि मी इथे कोण आहे हो? मिरजेत मुली रस्त्यात मला थांबवून बाई, बाई म्हणायच्या. इथे आले आणि मी आरगेसाहेबांची मिसेस झाले. तेव्हा मला भीती वाटली नसेल? मी दिवसभर काय केलं असेल, हा विचार कधी शिवला तुमच्या मनाला? या डबड्याबद्दल तुम्ही अख्ख्या शारजाचं मत घेतलंत. माझी नोकरी सोडायची की नाही, याबद्दल निदान माझं तरी घेतलंत का?”

अर्श कॉम्प्रेसर बंद करून गुपचूप बाहेर गेला. जगन्नाथरावांचा चेहरा कान उपटल्यासारखा झाला होता.

“नाही घेतलं,” ते म्हणाले.

कमलिनीबाईंनी तिथूनच सुमेधाला फोन लावला. “वेळा कुणाला देऊ नकोस. मी येतेय.” फोन ठेवून त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुम्ही यावर काय बसवायचं ते बसवा, नाहीतर काही बसवू नका. मी जूनच्या आत जाणार. तुमच्यासाठी आता थांबायची नाही.”

जगन्नाथरावांनी मान हलवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते,” ते म्हणाले. “उद्या दिली तरी पाऊसपाणी सुरू झाल्यावरच सुटेन. मागून आलो तर चालेल?”

“चालेल की,” कमलिनीबाई पर्स उचलत म्हणाल्या. “फक्त संध्याकाळी माझे वर्ग असतील. तेव्हा चहा तुमचा तुम्हाला करावा लागेल, आणि माझाही.”