आईच्या डोक्यातला पांढरा डाग

आमच्या बाबांना प्लेट वाचता यायची. डॉक्टर नव्हते हो, गिरणीत होते, सूतखात्यात. पण गिरणीतल्या माणसांच्या छातीचे एक्स-रे इतक्यांदा निघायचे, की घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीत जवळजवळ प्रत्येक घरी कपाटावर एक तरी तपकिरी पाकीट पडलेलं असायचं. बाबांची स्वतःची छाती एकदा बिघडून बरी झालेली, तेव्हापासून ते या विषयातले जाणकार. कुणी प्लेट घेऊन आलं की ती दारात उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि सगळ्यांसमोर निकाल द्यायचा. काळं म्हणजे हवा, हवा म्हणजे बरं. पांढरं दिसलं की डाग, आणि डाग म्हणजे वाट लागली. हे गणित चाळीतल्या पोरासोरांनाही पाठ होतं.

संपात गिरणी गेली. बाबा विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर लागले, पण त्यांचं प्लेटा बघणं सुटलं नाही. आवाजही सुटला नाही. यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, मान्य. पण आईशी ते बोलायचे ते ओरडूनच. चहा गार झाला, ओरडा. टॉवेल सापडत नाही, ओरडा, आणि टॉवेल त्यांच्याच खांद्यावर. आई ढिम्म. मीच मधे पडून भांडायचे आणि दोघांच्याही शिव्या खायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आईचं डोकं दुखायला लागलं. आधी अमृतांजन, मग गोळ्या, मग उजव्या हाताला मुंग्या. एके दिवशी भाताचं पातेलं तिच्या हातातून सुटलं, तेव्हा मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. मागोमाग बाबाही आले. डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला, हातोडीने गुडघे ठोकले आणि म्हणाल्या, "डोक्यात गाठबीठ नाही ना, तेवढं बघून घेऊ. टाऊनला नवीन मशीन आलंय. एमआरआय म्हणतात."

बाबा डॉक्टरबाईंवरच ओरडले, "तिका काय एक झालेला नाय!"

माझ्या ऑफिसच्या मेडिकलमधून खर्चाची परवानगी मिळाली आणि एका शनिवारी आम्ही तिघं टाऊनला, म्हणजे दक्षिण मुंबईत, गेलो. तिथे पहिलीच अडचण. मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक, अंगावर काही धातू चालणार नाही. आई अडून बसली. "लगीन झाल्यापासना गळ्यातना काडूक नाय," म्हणाली. शेवटी पिशवीतून हळकुंड निघालं, बाई घरूनच तयारीने आली होती! काळ्या दोऱ्यात ओवून ते तिने गळ्यात बांधलं आणि मगच मंगळसूत्र काढून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि आत ठकठक चालू होती तेवढा वेळ खिशावरचा हात काढला नाही.

बाहेर आल्यावर तिथला माणूस म्हणाला, फिल्म आज घेऊन जा, रिपोर्ट सोमवारी तुमच्या डॉक्टरकडे पोहोचेल. एखादा फोटो हलला असेल तर सोमवारी परत काढू. म्हणून मंगळसूत्र बाबांच्या खिशातच राहिलं आणि हळकुंड आईच्या गळ्यात.

घरी आल्याआल्या बाबांनी पाकीट उघडलं. छातीची प्लेट म्हणजे एक मोठं चित्र. इथे एकेका फिल्मवर चौकोनच चौकोन, प्रत्येकात आईचं डोकं वेगवेगळ्या उंचीवर आडवं कापलेलं. आई लांबूनच बघून म्हणाली, "शिरा पडो, माज्या डोक्याचे सुरमयसारखे काप केल्यानी!" आणि हसत मोरीवर गेली.

बाबांनी एक फिल्म उजेडाकडे धरली आणि डोळा बारीक केला. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. डोक्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंना पसरलेला, पांढराशुभ्र डाग. एका चौकोनात लहान, पुढच्यात मोठा, त्याच्या पुढच्यात आणखी मोठा. दारात शेजारपाजारचे जमलेले, निकाल ऐकायला. बाबांनी फिल्म पाकिटात सरकवली आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्या वेगळा असा. डॉक्टरच बघतीत."

बाबा आणि हळू आवाजात! मी काय समजायचं ते समजले. आईला काही कळू द्यायचं नाही, एवढं आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलं.

तिथून पुढे बाबा ओरडलेच नाहीत. रविवारी सकाळी मी उठले तर बाबा स्टोव्ह पेटवतायत. "तू बस गो, चाय मी करतंय." चहा म्हणजे नुसतं गोड पाणी, पण आई बशीत ओतून मुकाट प्यायली. बाजारातून बांगडे आणले, ते स्वतः साफ करायला बसले. आई भिंतीला टेकून एकेक सांगत होती. "वाटाप बारीक होवंदे. सोला आता घाला. तिरफळा नको, कढ येवंदे, मगे घाला. मीठ चाखान बगा." एवढ्या बारकाईने तिने मलाही कधी शिकवलं नव्हतं. म्हणाली, "माज्या हाताक मुंग्या येतत, म्हणान सांगतंय." मला आपलं वाटलं, बरंय, तेवढाच तिला आराम. बाबांनी तिच्या ताटात मोठा बांगडा वाढला.

सोमवारी डॉक्टरबाईंनी फिल्म मागून उजेड पडणाऱ्या पेटीवर लावली. रिपोर्ट वाचला. बाबा खुर्चीच्या टोकावर, हात खिशावर.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "नॉर्मल."

बाबा ताडकन उठले. "मग ह्यो डाग?" बोट थेट मधल्या पांढऱ्यावर. "इतको मोठो डाग तुमका दिसना नाय?"

"काका, डाग नाही तो. पाणी आहे. मेंदूच्या मधे पोकळ्या असतात, त्यात पाणी असतं. तुमच्याही डोक्यात आहे, माझ्याही." त्यांनी दुसरी फिल्म शेजारी लावली. त्यात मधलं सगळं कुळकुळीत काळं. "हे बघा, तेच पाणी. मशीन वेगळं लावलं की काळं दिसतं. हा एक्स-रे नाही. एक्स-रेत हाड पांढरं, इथे कवटीचं हाड काळं." मग पेन फिरवत त्यांनी आईचं अख्खं डोकं आम्हाला दाखवलं. बाहेरची ही सुरकुतलेली साल, तिने आपण विचार करतो. मागचा हा भाग बघण्याचा. खाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो तो लहान मेंदू, तोल सांभाळणारा. डावी बाजू, उजवी बाजू, सगळं सारखं. "आणि हे दोन गोल पांढरे दिसतात ना, ते काकूंचे डोळे. त्यांच्यातही पाणीच. गाठ कुठेही नाही. डोकं दुखतं ते अर्धशिशीने, आणि हाताच्या मुंग्या मानेमुळे. व्यायाम सांगते."

बाबा मटकन बसले आणि डॉक्टरबाईंच्या समोर, गेटवरच्या खाकी शर्टाच्या बाहीत तोंड घालून रडले. मीही रडले, कशाला खोटं बोलू.

आई मात्र फिल्मकडे बघत राहिली. मग बाबांना म्हणाली, "तुमी दोन दिस माज्यार ओराडूक नाय. तेवाच माका कळला, काय तरी वायट असा."

"म्हणजे तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मगे? तेंका जेवण कोण शिकवतला?" आई म्हणाली. "तू लगीन करून जातलंस. ह्यांका साधो भात लावूक येना नाय."

अगं बाई गं! आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती तिथे भिंतीला टेकून बाबांना तिच्यावाचून जेवायला शिकवत होती. कपाळ माझं, शेजारी बसून मला एवढंही कळलं नाही.

बाहेर बसस्टॉपवर आईने बाबांसमोर हात पसरला. मंगळसूत्र खिशातून निघालं. हूक तिला लावता येईना, बोटं साथ देत नव्हती. बाबा तिच्या मागे उभे राहिले. आधीच तो हूक बारीक, त्यात तिची मान एकसारखी हलत होती, हसत होती का रडत होती देव जाणे.

"मान हलवू नको गो!" बाबा कडाडले. स्टॉपवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. "कितीदा सांगाचा? कान फुटले काय तुजे?"

आईने मान खाली घातली. "परत एकदा ओराडा," ती म्हणाली.