एकतीस जूनची पिशवी

फोन आला तेव्हा मी वलगाव रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात चहा ओतून घेत होते. पलीकडे अकोल्याच्या एका रक्तपेढीतल्या ताई होत्या. तिथल्या मुख्य टेक्निशियन, वीस-बावीस वर्षं याच कामात काढलेली बाई. तीन आठवड्यांपूर्वी मी लिहिलेला प्रोग्रॅम त्यांच्याकडे सुरू झाला होता. कोणती पिशवी कोणत्या गटाची, मुदत कधीपर्यंत, आधी कोणती द्यायची, हे तो सांगायचा.

"तुमचा प्रोग्रॅम बंद पडून राहिला," त्या एकदम म्हणाल्या. "एबी निगेटिव्ह मागितलं का स्क्रीनच गायब. इकडं एका बाईचं ऑपरेशन आहे, तिचा नवरा माह्यासमोर उभा आहे."

"पिशवी फ्रीजमध्ये आहे का?"

"आहे. एकच आहे."

"मग लेबल वाचून, रजिस्टरात हातानं नोंद करून द्या, ताई. प्रोग्रॅमची वाट पाहू नका."

"ते तर मी करूनच राहिली. पण बाकीच्या पिशव्यांचं बरोबर आहे, हे आता कशावरून समजू?"

 मी घाईघाईनं प्रोग्रॅम तपासणाऱ्या माझ्या सगळ्या टेस्ट चालवल्या. एकूण एक पास.  एखादी तरी नापास झाली असती तर कुठं बघायचं ते कळलं असतं. चहा तसाच ठेवून मी बडनेरा स्टेशन गाठलं आणि अकोल्याची गाडी धरली.

हा प्रोग्रॅम मी हॅस्केल नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला होता. या भाषेची रीत अशी, की मागितल्याशिवाय ती काही मोजत नाही. सांगितलेलं काम बाजूला ठेवते आणि उत्तराची खरोखर गरज पडली तरच करायला घेते. त्यामुळे चूक होते एका दिवशी आणि उघडी पडते भलत्याच दिवशी. मला हे माहीत होतं. मी नव्या मुलांना शिकवतसुद्धा असे. गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले, पण माझ्याजवळच्या नमुन्याच्या नोंदींवर प्रोग्रॅम बंद पडेचना.

रक्तपेढीत पोचले तेव्हा तो नवरा पिशवी घेऊन गेलेला होता. ताईंनी खुर्ची पुढं सरकवली आणि माझ्यामागे उभ्या राहिल्या.

प्रोग्रॅम कुठं पडतो ते पाहायला मी प्रत्येक पायरीवर नोंद स्क्रीनवर छापून बघायला लागले, तर तो आधीच, तिसऱ्याच ओळीवर पडला. छापायचं म्हणजे उत्तर मागणं आलं, आणि उत्तर मागितलं की मोजणी आली. मी बघायला गेल्यानंच पडायची जागा बदलत होती.  शेवटी सगळं छापणं काढून टाकलं आणि त्या पिशवीच्या नोंदीतला एकेक रकाना वेगळा मागितला. क्रमांक आला. गट आला. मुदतीची तारीख मागितली आणि प्रोग्रॅम कोसळला.

नोंदीत टाइप केलेली तारीख होती एकतीस जून.

"जूनले एकतीस काहून असंन?" ताई म्हणाल्या. "कोणी टाकली हे?"

नोंद करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं. पहिल्या दिवशी त्यांना शिकवताना, बोलता बोलता, तीसच्या जागी मी एकतीस मारलं होतं. चुकीची तारीख नाकारायची तपासणी मीच लिहिली होती, पण तीही बाकीच्या कामासारखी बाजूला पडून राहिली. 'नोंद झाली' असं स्क्रीनवर आलं आणि तीन आठवड्यांत कोणी एबी निगेटिव्ह मागितलंच नाही.

मग मी माझी टेस्ट उघडली. पन्नास नोंदी आत घालायच्या आणि पन्नास जमा झाल्या का ते मोजायचं, एवढंच ती करत होती. मोजायला नोंदीच्या आत बघावं लागत नाही. एकाही नोंदीतली तारीख माझ्या टेस्टनं कधी वाचली नव्हती.

"माझी चूक आहे, ताई. दोन्हीकडे माझीच."

"ते ठीक आहे. अजून अशा किती आहेत? पक्कं सांगा."

"ज्या चुकांनी प्रोग्रॅम बंद पडत नाही, त्या त्याला कळणार नाहीत. पिशव्याच पाहाव्या लागतील."

पिशव्या जास्त वेळ बाहेर ठेवता येत नाहीत, म्हणून एका वेळी एकच ट्रे काढायचा ठरलं. ताई लेबल वाचायच्या, मी स्क्रीनशी ताडायचे. "जुळलं." "जुळलं." मधे कोणी आलं की ट्रे आत, दार बंद, आणि मग पुन्हा सुरू. 

चौथ्या ट्रेमध्ये ओ पॉझिटिव्हची एक पिशवी निघाली. ताईंनी वाचलं, "तेवीस जून."

स्क्रीनवर अठ्ठावीस होती. त्या दिवशी तारीख होती सव्वीस. लेबलाप्रमाणे मुदत तीन दिवसांपूर्वीच संपलेली, आणि माझा प्रोग्रॅम ती पिशवी सगळ्यात आधी द्या म्हणून सांगत होता. यात प्रोग्रॅम पडण्यासारखं काहीच नव्हतं. अठ्ठावीस जून ही चांगली धडधाकट तारीख.

नोंद करणाऱ्याच्या रकान्यात ताईंचं नाव होतं. मी ते वाचून दाखवलं नाही. त्यांनीच वाकून वाचलं.

त्यांनी पिशवी नाकारलेल्या पिशव्यांच्या खणात ठेवली, हात धुतले आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

"देताना लेबल पाहिलंच असतं मी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पाहिलं असतं ना?"

"पाहिलं असतं, ताई."

"गर्दीच्या दिवशी?" तोवर मला अहो-जाहो करणाऱ्या ताई पहिल्यांदाच एकेरीवर आल्या. "खोटं नको बोलू."

 मग आम्ही उरलेले ट्रे काढले. आणखी चूक निघाली नाही.

मी तिथंच बसून तारीख नोंद होतानाच वाचली जाईल असं करून घेतलं आणि प्रत्येक नोंद उघडून बघणाऱ्या टेस्ट लिहिल्या. नव्या टेस्ट पहिल्यांदा चालवल्या तेव्हा सात नापास झाल्या. त्या सातही मी ताईंना दाखवल्या आणि प्रोग्रॅममधल्या त्या चुका दुरुस्त केल्या. तारीख दोघांनी वेगवेगळी टाकून ताडायची, हे मात्र त्यांनी ठरवलं. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झाल्याचा त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी आला.  आठवडाभर त्यांनी प्रोग्रॅम न उघडता सगळं काम रजिस्टरवरच केलं, हे मला नंतर कळलं.