पाठीला हात लागेपर्यंत

ती राज्याच्या संघात गेल्यापासून लोहाऱ्यात लोक मला अडवून म्हणतात, "सर, तुम्हीच घडवली तिला." मला लाजल्यासारखं होतं. तिनं काय केलं ते मी पाहिलंय. मी काय करत होतो तेही.

मी शाळेत खेळाचा शिक्षक. ती पारधी वस्तीतली. तिथून मैदानावर आलेली पहिलीच मुलगी. खो-खोत पाठलाग करणारीनं बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं, मग बसलेलीनं उठून पळायचं. आमच्या मुली तिच्या पाठीला हात लावत नव्हत्या. वीतभर अंतरावरूनच ओरडायच्या. ती निमूट उठायची आणि वाऱ्यासारखी सुटायची. नियमानं तो फाऊल. सरावात पंच मीच, पण मी कधी शिट्टी वाजवली नाही. उगाच चारचौघांत विषय निघेल, पोरीलाच वाईट वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचो.

धाराशिवला जिल्हा संघाची निवड होती. पंच कमी पडले म्हणून तिथंही शिट्टी माझ्याकडं आली. शेवटची मिनिटं. समोरच्या संघाचा एकच गडी उरलेला, खांबाजवळ धापा टाकत होता. ती रांगेत बसलेली. आमच्या शाळेची कॅप्टन तिच्या मागं आली. "खो!"

ती उठली नाही.

"अगं ऊठ की! बहिरी हायस का?"

"हात लागला न्हाय," मान न वळवता ती म्हणाली.

निवड करणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "ही उठंना का?" दुसऱ्यानं नकारार्थी मान हलवली. शिट्टी माझ्या दातांत होती. मी गप्प राहिलो तर चूक तिची ठरणार होती, आणि ती घरी जाणार होती. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

मी शिट्टी वाजवली. "फाऊल. माघारी ये. हात लावून खो दे."

कॅप्टन खरंच गोंधळली. "पण सर, आपल्या शाळेत तर चालतंय की!"

सगळ्यांनी ऐकलं. माझे कान तापले. "दे खो," एवढंच म्हणालो.

कॅप्टन परत आली. तिचा हात क्षणभर हवेत थांबला, मग पाठीवर टेकला. "खो."

पुढचं मला नीट दिसलंच नाही. धूळ उडाली, खांबापाशी ती आडवी सूर मारून पडली होती, आणि समोरच्या गड्याचा घोटा तिच्या मुठीत होता.

तिची निवड झाली. परतीच्या जीपमध्ये मी तिला हळूच विचारलं, "आधी का बोलली न्हाईस गं?"

"बोलले असते तर वाजवली असती का, सर?"

मी म्हणालो, "न्हाय."

"मग उद्यापासून वाजवा."

दुसऱ्या दिवशी सरावाच्या पहिल्याच मिनिटाला मी शिट्टी वाजवली. मग पुन्हा. मग पुन्हा. त्या संध्याकाळी खेळ असा झालाच नाही. नुसती शिट्टीच वाजत राहिली.