दादाचा विसार

माझ्या थोरल्या भावाला शेअर बाजारातला ऑप्शन म्हणजे काय ते मीच शिकवलं, आणि तेही विसाराचं उदाहरण देऊन. आमच्याकडे मोहोर बघून व्यापारी कलमांवर विसार देतो आणि भाव ठरवून ठेवतो. पुढे भाव चढला तर ठरल्या दराने आंबा उचलतो, पडला तर विसारावर पाणी सोडून निघून जातो. मी वैभववाडीला कॉमर्स शिकवायचो, सुट्टीत आरोंद्याला घरी गेलो की शहाणपणा पाजळायची सवय. म्हटलं, दादा, कॉल ऑप्शन तो ह्योच. भाव चढलो तर फायदो आपलो, पडलो तर विसारापुरतोच तोटो.

हे सगळं मी विसार देणाऱ्याच्या बाजूने सांगत होतो. दादा जन्मभर विसार घेत आला होता. त्याने कॉल विकायला सुरुवात केली.

दर आठवड्याला त्याच्या खात्यात विसार पडू लागला. माझे विकत घेतलेले कॉल बहुतेक फुकट जायचे. जेवताना वहिनीसमोर तो म्हणायचा, “मास्तर विसार देता नि मी घेतंय. आता सांग, शाणो कोण?” वहिनी हसायची. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी काजूची बाग विकली होती, ते पैसे त्याने दलालाकडे तारण म्हणून अडकवलेत हे मला माहीत होतं. कलमांवर विसार घेताना झाडावर आंबा तरी असतो, इथे दादाकडे झाडच नव्हतं, भाव चढला तर जेवढा चढेल तेवढा फरक खिशातून भरावा लागणार, हेही माहीत होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. मी सोलकढी प्यायलो आणि गप्प बसलो. त्याचे दात घशात गेलेले मला बघायचे होते.

एका सोमवारी बाजार उघडला तोच उसळून. दादाने दलालाच्या ऑफिसात फोन लावला आणि शांतपणे विचारलं, “ज्यांनी विसार दिला त्यांचा नंबर मिळेल का? बसून मिटवून घेतो.” आमच्याकडे भाव फारच चढला तर व्यापारी मालकाच्या हातावर वर चार पैसे ठेवतो. पलीकडच्या बाईने सांगितलं, असा कुणी माणूस नसतो. दुपारपर्यंत दलालाने तोटा वळता करून सौदे बंद केले आणि गुडघ्यांचे पैसे संपले.

माझा कॉल मात्र त्याच दिवशी फळला. आलेल्या पैशात एक गुडघा सहज झाला असता. मी ते मुदत ठेवीत टाकले.

चतुर्थीला गेलो तेव्हा वहिनी बसल्या बसल्या सरकत स्वयंपाकघरातून पायऱ्या उतरत होती. दादा बाहेर गेला होता. तिने मधल्या पायरीवर थांबून विचारलं, “भावजी, तुमका म्हायत होता?”

“बाजारात असं होतं, वहिनी,” मी म्हणालो. घरात मी असं पुस्तकी मराठी कधी बोलत नाही, आणि ते तिला बरोबर कळलं. आली होती तशीच सरकत ती पुन्हा वर गेली, माझ्यासाठी चहा ठेवायला. मी नको म्हटलं नाही.